वरवंट बेटावरच्या सांडशा

यंत्राने चार हा आकडा दाखवला, तेव्हा कुमुद तेंडोलकरने आधी बॅटरीवर संशय घेतला. बॅटरी बदलली. मग नळीच्या तोंडाशी कचरा अडकला असेल म्हणून ती झटकली. मग शिकलेली माणसं शेवटी जे करतात तेच तिने केलं, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. चार. वरवंट बेटाच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत ती चालत गेली, माल साठवायच्या प्रत्येक पडक्या मांगरात, म्हणजे झोपडीत, वाकून नळी फिरवली, पालापाचोळा उचलला, ओंडके उलटे केले. होडीवाला हाका मारू लागला तेव्हाही पडद्यावर चारच होते.

याच बेटावर, याच यंत्राने, तिच्याच हातात असताना तेवीस जाती मोजल्या होत्या.

जाती कसल्या, तर एका किड्याच्या. हा किडा तुम्ही नक्की पाहिलेला असतो. कुंडी उचलली की खालून सुसाट पळतो तो. लांबट, तपकिरी, आणि शेपटीच्या टोकाला चिमटा. इंग्रजीत त्याला इअरविग म्हणतात, कारण तो झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो अशी तिकडे जुनी समजूत. तो कानात वगैरे काही शिरत नाही, त्याला त्याची कामं असतात. वेंगुर्ल्यासमोरच्या या बेटावर त्याला सांडशी म्हणायचे. सुकत घातलेल्या मासळीतल्या अळ्या खातो म्हणून त्याला कोणी मारत नसे. एवढ्याशा बेटावर त्याच्या तेवीस जाती निघाल्या, त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या, आणि त्या कुमुदने शोधल्या होत्या. परिषदांमध्ये लोक तिची ओळख करून देताना हा आकडा तिच्या नावाआधी सांगत.

परतीच्या होडीत तिने डोळे मिटून घेतले. किडे कमी झाले असते तर समजण्यासारखं होतं. रोग आला, पाऊस जास्त झाला, मुंग्यांनी खाल्ले, काहीही म्हणता आलं असतं. पण किडे मुबलक होते. ओंडक्याखाली बोट घालायला जागा नव्हती. किडे होते, जाती नव्हत्या. हे कसं काय होऊ शकतं ते तिला अजिबात कळेना.

आणि हा काही नुसता अभ्यासाचा प्रश्न नव्हता. काही वर्षांपूर्वी या बेटावर एक मोठं बंदर होणार होतं, भर समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी. डोंगर कापून सपाटी करायची, भोवती काँक्रीट ओतायचं. बेटावरच्या लोकांनी विरोध केला, मोर्चे काढले, त्याने काही हललं नाही. हललं ते कुमुदच्या अहवालाने. तेवीस जाती म्हटल्यावर द्वीप परिषदेने बंदर रद्द करून वरवंटला अभयद्वीप जाहीर केलं. लोकांनी गुलाल उधळला. मग नियमांचं पत्रक आलं आणि त्यात लिहिलं होतं की अभयद्वीपावर मनुष्यवस्ती नसते. बेट वाचलं, फक्त बेटकरांना ते सोडून किनाऱ्यावरच्या वसाहतीत यावं लागलं. त्यात कुमुदची जयवंतीआते होती, जिने आई गेलेल्या कुमुदला आठ महिन्यांची असल्यापासून वाढवलं होतं.

आता सहा महिन्यांनी परिषदेची फेरतपासणी होती. आकडा निम्म्याच्या खाली गेला तर अभयद्वीपाचा दर्जा जाणार आणि बंदर येणार. चार सांगितले की आतेचं घर काँक्रीटखाली. तेवीस सांगितले की आते जन्मभर वसाहतीत. दोन्हीकडे घर जातच होतं आणि दोन्हीकडे ते कुमुदच्या तोंडून जाणार होतं.

*

"यंत्र चुकत नाही," डॉ. भार्गव पिंगे पुण्याहून पडद्यावर म्हणाले. ते म्हणणारच, यंत्र त्यांनीच बनवलेलं होतं.

त्याचं नाव गंधवाचक, पण सगळे त्याला नाक म्हणत. कल्पना साधी होती. कीटकाच्या अंगावर मेणाचा अगदी पातळ थर असतो. त्याने शरीरातलं पाणी टिकतं, आणि त्या मेणाला वास असतो. आपल्याला तो येत नाही, पण एक किडा दुसऱ्याला ओळखतो तो त्यावरूनच. हा आपला, हा परका, हिच्याशी संसार करावा, याला चिमटा काढावा. जे वासाने एकमेकांना आपलं म्हणतात ते एका जातीचे, असं धरून नाक मोजणी करत असे. मोजण्यासाठी किडे मारायला कायद्याने बंदी आल्यापासून जगभर तीच पद्धत रूढ झाली होती.

"सर, मग आधीचे तेवीस?"

"तेही बरोबर."

"आणि आताचे चार?"

"तेही बरोबर." पिंग्यांनी चष्मा पुसला. "कुमुद, तू जेवून घे आणि मग विचार कर."

"आपण तेव्हा जनुकं तपासली होती. फरक जवळजवळ नव्हताच. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, जाती नव्या आहेत, जनुकांना अजून बातमी पोचलेली नाही."

"म्हणालो होतो खरा," पिंगे म्हणाले. "छान वाक्य होतं."

*

वसाहत वेंगुर्ल्याच्या बाहेर, हमरस्त्याला लागून होती. जयवंतीआतेचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट चालू असली तरी ती जिन्याने जायची, पेटीत उभं राहायला मी काय बांगडो असंय, असं म्हणून.

कुमुद दारात आली तशी आतेने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "येवा बाई. तुझे किडे बरे असत मां?"

हा प्रश्न ती दर वेळी विचारायची. त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं असं कुमुदला वाटे. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते.

"बरे असत," कुमुद म्हणाली.

"बरा झाला. कोणतरी बरा रवाक व्हया." आते आत गेली आणि पेजेचा वाडगा घेऊन आली. "खा. कसली गो ती सुकलंस!"

पेज खाता खाता कुमुदने सगळं सांगून टाकलं. आकडा, बंदर, तपासणी. आतेला सगळं कळलं असं नाही, पण बंदर हा शब्द तिला कळला. तिने कुमुदच्या वाडग्यात आणखी पेज ओतली. गॅलरीतून समुद्राची एक पट्टी दिसे, दोन इमारतींच्या मधून. वरवंट त्या पट्टीत येत नव्हतं, थोडक्यात हुकलं होतं.

"माका एक सांग," ती शेवटी म्हणाली. "तुझ्या त्या कमिटीक किडे व्हये, बंदर व्हया, पवनचक्की व्हयी. माणसां कोणाकच नको?"

कुमुदला रडू येत होतं आणि आतेसमोर रडायची लाज वाटत होती, म्हणून ती उठली आणि यंत्र पुसायला घेतलं. बेटावरची माती अजून नळीला होती. गॅलरीत बसून तिने ती झटकली, आणि नळी नीट बसली का ते पाहायला यंत्र चालू केलं.

नाक वाजलं.

पडद्यावर आलं: वरवंट, जात अठरा.

जात अठरा तिला पाठ होती. जरा काळपट, दक्षिणवाडीतली, म्हणजे आतेच्याच वाडीतली. दिवसभर त्या वाडीत कोपरा न् कोपरा पालथा घालून एकही सापडली नव्हती. कुमुदने नळी इकडेतिकडे फिरवली. कपड्यांच्या दोरीखाली काही नाही. कुंडीपाशी काही नाही. कोपऱ्यातल्या वेताच्या रोवळीपाशी नाक किंचाळू लागलं.

"आते, ह्या काय?"

"सोलां. दुसरा काय?" आते दारात येऊन उभी राहिली. "रातांबे फोडून सुकत घातलेले. गॅलरीत ऊन येता तेवढ्यात काय होता ता करतंय. वरवंटावरनं येताना ती एकच रोवळी हाडलंय."

कुमुदने कोकमाची सोलं हलक्या हाताने बाजूला सारली. खाली, वेताच्या विणीत, चिमटे उगारून सात-आठ सांडशा बसल्या होत्या. बेटावरून नाहीशी झालेली जात तिसऱ्या मजल्यावर सुखाने नांदत होती.

"तुका ठावक होता?" तिने विचारलं.

"किडे असत ता ठावक होता. किडो तो किडो. तेचा काय मोठासा?"

*

सांडशी ही किड्यांमधली मोठी मायाळू आई. बाकीचे बहुतेक किडे अंडी घालतात आणि चालते होतात. ही अंड्यांपाशी ठाण मांडून बसते. एकेक अंडं उचलून चाटते, बुरशी धरू देत नाही, कोणी जवळ आलं तर चिमटा उगारते. पिल्लं निघाली की आपल्या पोटातलं त्यांना भरवते. हे कुमुद पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवत आली होती आणि शिकवताना नेहमी थोडी हळवी होत असे. पण या चाटण्याने आणखीही काही होत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. पिंग्यांच्या नव्हतं आणि नाक वापरणाऱ्या कोणाच्याच नव्हतं.

पुण्याच्या प्रयोगशाळेत तिने बेटावरच्या जंगलातल्या सांडशीची अंडी आतेच्या रोवळीतल्या आईला दिली, आणि रोवळीतली अंडी जंगलातल्या आईला. सांडशी परक्याची अंडीही सहसा नाकारत नाही. दोघी आया बिनतक्रार चाटायला लागल्या. पिल्लं निघाली, मोठी झाली, कुमुदने नाक लावलं. जंगलातल्या अंड्यांतून निघालेल्यांना नाक म्हणालं, जात अठरा. रोवळीतल्या अंड्यांतून निघालेल्यांना म्हणालं, जंगली.

म्हणजे वास जन्माने येतच नव्हता. आईच्या जिभेवरून तो अंड्यावर जायचा आणि अंड्यावरून पिल्लावर. आणि आईचा वास ती काय खाते त्यावर ठरायचा. रोवळीतल्या आईची सोलं बंद करून तिला खोबरं दिलं, तेव्हा तिच्या पुढच्या वेतातली पिल्लं वेगळ्याच जातीची निघाली. ही जात खोबरेवाडीच्या मांगरात सापडली होती.

कुमुद स्टुलावर बसून राहिली. वरवंटची प्रत्येक वाडी आपापला एकच माल सुकवायची. एकीकडे सोलं, एकीकडे खोबरं, कुठे बांगडे, कुठे सुंगटं म्हणजे कोळंबी, कुठे काजूची बोंडं, आणि तो माल त्या वाडीच्या मांगरात पडून असायचा, पिढ्यान् पिढ्या. त्या मांगरातल्या सांडशा तेच खायच्या, तोच वास पोरांना द्यायच्या, आणि पोरं मोठी झाली की त्याच वासाशी लग्न लावायची. शेजारच्या मांगरातल्याला परका समजायची. माणसं उठली, मांगर ओस पडले, सगळीकडे तोच कुजका पाला झाला. आता उरल्या चारच: किनाऱ्यावरची, जंगलातली, खारफुटीतली आणि कातळावरची. तेवीसमधल्या एकोणीस जाती माणसांनी बनवल्या होत्या, आणि त्या एकोणीस जातींना वाचवण्यासाठी माणसांना हाकललं होतं. हाकलणारी ती स्वतः होती.

इथपर्यंत तिला स्वच्छ दिसलं. पुढे मात्र सगळा गुंता होता. या जाती खऱ्या होत्या की खोट्या? ज्यांचा आपसांत संसार होत नाही त्या वेगळ्या जाती, असं पुस्तक सांगतं, आणि त्यांचा खरंच होत नव्हता, तिने नर-माद्या एकत्र ठेवून पाहिलं होतं, चिमटाचिमटी सोडून काही झालं नाही. म्हणजे खऱ्या. पण दोन वेतांत खोबरं चारून जी बनवता येते तिला जात कसं म्हणायचं? म्हणजे खोट्या. दोन्ही बरोबर वाटत होतं, आणि दोन्ही एकदम बरोबर असणं शक्य नव्हतं. तिने पिंग्यांना विचारलं.

"आधी हे सांग," पिंगे म्हणाले, "हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही."

"छान." ते खुर्चीत पुढे सरकले. "मग यात अडचण कुठे आहे? प्रत्येक मांगरात एक डबा ठेवू. सौरऊर्जेवर चालणारा. एकात सोलांचा अर्क, एकात खोबऱ्याचा, एकात मासळीचा. थोडं थोडं गाळत राहील. दोन वेतांत तुझे तेवीस परत. बंदर येत नाही, तुझा अहवाल खोटा पडत नाही, माझं यंत्र खोटं पडत नाही. कोणाचं काय बिघडलं?"

"माझी आते?"

"त्यांना फ्लॅट मिळालाय ना?"

कुमुदला वाटलं, आता आपण उठून ताडकन काहीतरी बोलणार. पण पिंगे म्हणत होते त्यात खोट सापडत नव्हती. डबे ठेवले तर बेट वाचत होतं. आते तर तशीही बेटावर नव्हतीच. तिला स्वतःची चीड आली की हे तिला पटू लागलं आहे.

*

तपासणीच्या दिवशीही तिचं ठरलेलं नव्हतं. गाडीत ती पिंग्यांच्या बाजूची होती, जिन्यात आतेच्या बाजूची झाली, आणि सभागृहात शिरताना कुणाच्याच नाही.

परिषदेच्या अध्यक्ष सबनीसबाई म्हणजे थोडक्यात बोलणाऱ्या. "डॉ. तेंडोलकर, मला एक आकडा हवाय. वरवंटवर आज सांडशीच्या किती जाती आहेत?"

कुमुद उभी राहिली. शेजारी पिंगे तिच्याकडे पाहत होते.

"तिथे कोण राहतं यावर ते अवलंबून आहे," ती म्हणाली.

"तिथे कोणी राहत नाही."

"म्हणून चार."

मग तिने सगळं सांगितलं. रोवळी सांगितली, अंड्यांची अदलाबदल सांगितली, वाड्या सांगितल्या, आणि हेही सांगितलं की मागचा अहवाल तिचा होता आणि तो ज्या जातींबद्दल होता त्या त्यानेच नाहीशा केल्या. सभागृहात कुजबूज सुरू झाली. बंदराच्या बाजूने आलेले गृहस्थ खुश झाले आणि त्यांनी ते लपवलंही नाही. पिंग्यांनी उठून डब्यांची योजना मांडली.

"अभयद्वीपावर यंत्रं ठेवायला बंदी आहे," सबनीसबाई म्हणाल्या. "ते कलम तुमच्याच सूचनेवरून घातलं होतं, डॉ. पिंगे."

"पण मग माणसांनाही बंदीच आहे."

"मनुष्यवस्तीला बंदी आहे. अधिवासाच्या घटकांना नाही." बाईंनी पडद्यावर कलम वर आणलं. जमिनीतली बुरशी, झाडं, पाखरं, ज्यांच्यावाचून संरक्षित जीव टिकत नाही ते सगळे घटक. घटकाला बेटावर राहता येत होतं. "डॉ. तेंडोलकर, या सांडशा माणसांच्या साठवणीवाचून टिकत नाहीत असं तुम्ही म्हणता. बरोबर?"

"हो, पण..."

"मग प्रश्न मिटला."

दोन तासांत निर्णय झाला. चाचणी म्हणून एका व्यक्तीला एका घरात वर्षभर राहू द्यायचं, अधिवासाचा घटक म्हणून. दक्षिणवाडीत, कारण तिथल्या सांडशा अजून रोवळीत जिवंत होत्या. जात अठरा परत रुजली तर बाकीच्या घरांना बोलवायचं. नाही रुजली तर दर्जा रद्द, बेट बंदराला. कुमुदच्या मांडणीत प्रत्येक मांगरातलं अन्न वेगळं असण्यावर भर होता, म्हणून अट अशी की घटकाने सोलांशिवाय कोणताही वासाचा पदार्थ बेटावर न्यायचा नाही. तांदूळ-डाळ हवाबंद डब्यात मिळेल. आणि मोजणी निःपक्षपाती व्हावी म्हणून मोजणाऱ्याने, म्हणजे कुमुदने, बेटावर मुक्काम करायचा नाही आणि घटकासोबत जेवायचं नाही.

सगळे तिचं अभिनंदन करत होते. जिंकलो की हरलो, हे तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

*

"म्हंजे मी आता बुरशी?" आतेने विचारलं.

"बुरशीच्या खालच्या ओळीत," कुमुद म्हणाली. खोटं बोलून फायदा नव्हता. तिने परवानगीचा कागद पूर्ण वाचून दाखवला, अटींसकट. "आते, तुका नको तर नको. मी तेंका सांगतंय. असा जाण्यात काय मान नाय."

"कोण म्हणता नको?"

"एकटी रवतलंस थंय?"

"हय काय मी दुकटी असंय?" आते उठली, खिडकीतून त्या समुद्राच्या पट्टीकडे बघत राहिली. "माझो बापूस थंय गेलो, माझी आवस थंय गेली. तुका मी थंय चालाक शिकवलंय. जातलंय गो. बुरशी म्हणान जातलंय, पण जातलंय."

कुमुदने तिला मिठी मारली. आतेने थोडा वेळ मारू दिली, मग म्हणाली, "फुरे आता. सोलां वाळत घालूची असत."

*

होडी सकाळी सुटणार होती. धक्क्यावर वनखात्याचा रखवालदार उभा होता आणि कुमुदच्या हातात नाक होतं. घटकाचं सामान तिनेच तपासायचं, असं ठरलं होतं. रोवळीपाशी पडदा हिरवा, म्हणजे ठीक. हवाबंद डबे हिरवे. कपड्यांचं बोचकं वरून हिरवं, आणि नळी तळाशी गेली तसा पडदा लाल झाला.

रखवालदार होडीवाल्याशी बोलत होता. कुमुदने आवाज खाली केला. "आते, तळाक काय असा?"

"सुकी सुंगटां," आते सरळ म्हणाली. "फिलोमिनान दिल्यान."

फिलोमिना सुंगटांच्या वाडीतली, आतेची मैत्रीण. वसाहतीत ती पहिल्या मजल्यावर राहायची.

"ती म्हणाली, तू पुढे जातंस, मी कधी येतलंय देवाक ठावक. थंय गेल्यार चुलीर भाजून चटणी कर आणि माझी आठवण काढ. मी काय म्हणू तेका? कमिटी नको म्हणता?" आतेने बोचक्याची गाठ पुन्हा बांधायला घेतली. "काढूची तर काढ. तुझा काम ता. मी काय बोलूचंय नाय."

कुमुद नळी हातात धरून उभी राहिली. सुंगटांचा वास दक्षिणवाडीच्या मांगरात पोचला, सांडशांनी त्यावर तोंड घातलं, तर जात अठरा जन्मायच्या आधीच बिघडेल. मग वर्षाने पडदा चारच दाखवेल, आणि डोंगर कापायची यंत्रं येतील. आतेसाठी, फिलोमिनासाठी, सगळ्यांसाठी हाच एक मार्ग होता, आणि तो एका मुठीएवढ्या सुक्या मासळीने बंद होऊ शकत होता.

पण तिला तिच्या लहानपणी आतेच्या घरात काय शिजायचं ते आठवायला लागलं. फिलोमिनाकडची सुंगटं होती, बांगडेवाडीचा बांगडा होता, खोबऱ्यावाचून तर एक दिवस जात नव्हता. मांगरातला माल वेगवेगळा होता, पण ताटात सगळ्या वाड्या रोज एकत्र यायच्या. तरीही तेवीस जाती होत्या. वेगळेपणा टिकवायला एवढं सोवळं लागत असतं तर त्या कधी झाल्याच नसत्या. अन्न वेगळं ठेवावं लागतं हे तिने लिहिलं होतं, परिषदेने नाही. ते तिने प्रयोगशाळेत पाहिलं होतं, जिथे प्रत्येक काचेच्या डबीत एकच आई होती आणि शेजार नव्हता.

की हे सगळं ती आत्ता, आतेकडे बघून, सोयीचं म्हणून रचत होती? तिला खरंच सांगता आलं नसतं. ती पूर्वी एकदा अगदी खात्रीने बोलली होती आणि त्यातून ही वसाहत निघाली होती.

"मॅडम, झालं का?" रखवालदाराने विचारलं.

"झालं."

"काय निघालं?"

"सोलं," कुमुद म्हणाली, आणि नाक बंद करून त्याच्या हातात दिलं. "हे ऑफिसात ठेवा. नळीला पाणी लागू देऊ नका."

बोचकं तिने स्वतः उचलून होडीत ठेवलं. मग चपला काढून हातात घेतल्या आणि आतेच्या पाठोपाठ आत उतरली. रखवालदार धक्क्यावरून काहीतरी विचारत होता, पण होडीवाल्याने दोर सोडला होता.

आतेने तिच्याकडे वळून पाहिलं. "तुका परवानगी असा?"

"नाय."

"मगे मधी बस," आते म्हणाली आणि सरकून जागा केली. "होडी कलता."